दीडशे किलोचा वड आणि एकटं माणूस : मोठ्या बोन्सायची कुंडी कशी बदलावी?

सड्यावरून | १९ मे, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात समुद्रापासून जवळच राहते. बरीच झाडं आहेत, त्यातल्या लहानांचं माझं मला जमतं. प्रश्न एका वडाचा आहे.

ट्रे सिमेंटचा आहे. आतून ३० इंच लांब, २० इंच रुंद आणि ६ इंच खोल. झाड साडेतीन फुटांच्या आसपास, पारंब्या ट्रेमध्ये उतरून चांगल्या जाड झाल्यात. गेल्या पावसाळ्यापासून पाणी वरच साचून राहतं, जिरायला फार वेळ लागतो. मुळांनी झाड वर ढकललंय, बुंध्याजवळची माती काठापेक्षा दोन बोटं उंच आलीय. तळाच्या भोकांतून मुळं बाहेर पडून अंगणातल्या चिऱ्यांच्या फटीत शिरलीत, त्यामुळे ट्रे जागचा हलत नाही.

आजवर वाडीतली दोन-तीन माणसं बोलावून काम व्हायचं. आता मे महिन्यात माणूस मिळत नाही. जो तो आंबा उतरवण्यात आणि पेट्या भरण्यात, आणि तरुण मुलं बहुतेक मुंबईला. मुलगी म्हणते देऊन टाक कोणाला तरी. मला द्यायचा नाही. वय ६३, कंबर अजून ठीक आहे आणि ती तशीच राहायला हवी. हे एकटीने करता येईल का? कोणी केलंय का?

पारंबी | १९ मे, सकाळी ९:०५

फोटो टाका ना ताई. साडेतीन फुटी वड म्हणजे बघण्यासारखा असणार.

बोन्सायच्या आकारांची जी वर्गवारी सांगतात ती झाड हलवायला किती हात लागतात त्यावरच आहे. एक हाती, दोन हाती, चार हाती, मग सहा आणि आठ हाती. तुमचं किमान चार हाती आहे. दोन हातांनी करायचं तर युक्ती लागणार.

बागवान_मालवण | १९ मे, सकाळी १०:३०

ताईनू, भरलेली कुंडी उचलूची कित्याक? आमच्याकडे होडी वर घेतत ती कोणी उचलून नेता काय? खाली ओंडके घालतत आणि ढकलतत. तुमी पायपाचे तुकडे घेवा, खाली फळी घाला, मगे ट्रे हाताच्या धक्क्यान सरकता. पण खळ्याक उतार असलो तर पुढे चिरो लावून ठेवा.

चिरेबंदी | १९ मे, दुपारी २:१५

बागवान म्हणतात ते अगदी बरोबर. फक्त पाइप पीव्हीसीचा नको, या वजनाखाली चेपतो. दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे अडीच फुटी तुकडे प्लंबरकडे सहज मिळतात.

आता जरा सविस्तर लिहितो, कारण मोठी झाडं एकट्याने सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न आज ना उद्या येतोच आणि बहुतेक जण जोर कुठून आणायचा याचाच विचार करत बसतात. आधी वजनाची फोड करा. ताईंच्या ट्रेचं आतलं माप ३० × २० × ६ म्हणजे ३६०० घनइंच, साधारण ५९ लिटर. भिजलेली माती लिटरला दीड-पावणेदोन किलो भरते. म्हणजे मातीच ९५ किलोच्या घरात. इंचभर जाडीचा सिमेंटचा ट्रे रिकामा ४० किलो धरा. झाड स्वतः, फांद्या-बुंधा-मुळं मिळून, २० किलो. एकूण १५५.

यातलं ९५ किलो घमेल्याघमेल्याने बाहेर काढता येतं! ते उचलण्याचं काम नाहीच, खुरप्याचं आहे. उरलेले ४० आणि २० कधीच एकत्र उचलायचे नाहीत. म्हणजे १५५ किलो हा आकडा तुमच्या वाट्याला कधी येतच नाही. आपण ट्रे, माती आणि झाड ही एकच वस्तू समजतो आणि तिथेच कंबर जाते.

दोन दिवस पाणी तोडलं तर त्यातले १५ एक किलो पाणीच निघून जातं, आणि कोरडसर माती मुळांतून सुटतेही छान. चिखल झालेली माती काढताना बारीक मुळं तिच्याबरोबर तुटून येतात.

सड्यावरून | १९ मे, रात्री ८:५०

चिरेबंदी, हे असं वेगवेगळं करून मी कधी पाहिलंच नव्हतं. पण खाली गेलेल्या मुळांचं काय? ट्रेच्या खाली हात जात नाही.

खाडीकाठ | १९ मे, रात्री ९:२०

ताई, हात घालूच नका!! आपल्याकडे फुरसं असतं. जांभ्याच्या फटी, कुंड्यांच्या बुडाचा गारवा ही त्याची आवडती जागा. मे महिन्यात तर नक्कीच. विंचू आणि घोणही तिथेच. आधी लांब काठीने खालून खरवडून घ्या, दिवसाउजेडी, पायात बूट घालून. वर्षानुवर्षं एका जागी बसलेली कुंडी हलवताना हे पहिलं काम. एकट्या असाल तर फोन कमरेला बांधा, ओटीवर ठेवू नका.

चिरेबंदी | २० मे, सकाळी ७:००

खाडीकाठ यांना पूर्ण अनुमोदन.

बुडाची मुळं तोडायला ट्रे पूर्ण उचलावा लागत नाही, एक बाजू तीन-चार इंच वर आली की झालं. पहार घ्या. पाच फुटी पहारीला टोकापासून पाच इंचांवर चिऱ्याच्या तुकड्याचा टेकू दिला तर तुमच्या हाताकडची बाजू अकरा पट लांब होते. एक बाजू उचलायची म्हणजे निम्मं वजन, ७८ किलो. भागिले अकरा, सात किलो. भरलेली कळशी याहून जड असते.

पहारीचं टोक थेट सिमेंटला लावू नका, काठ फुटतो. मध्ये लाकडाची फळी द्या. बाजू वर आली की काठीने ढकलून खाली ठोकळा सरकवायचा, बोटांनी नाही. मग पुन्हा टेकू वाढवून आणखी थोडं वर, दुसरा ठोकळा. घाई केली तर ट्रे घसरतो, म्हणून समोरच्या बाजूला आधी दोन चिरे अडवून ठेवा. मुळं ताणली की चिर्र आवाज येतो, तिथे थांबून लांब पात्याच्या करवतीने कापत जायचं.

एक महत्त्वाचं. फटीत गेलेली ती मुळं करंगळीएवढी जाड असतील तर सध्या झाड पाणी मुख्यतः तिथूनच पितंय. तोडलीत की पानं माना टाकतील. म्हणून त्याच दिवशी कुंडी बदलू नका. आत्ता मुळं तोडा, ठोकळ्यांवर ठेवा, वर हिरवी जाळी बांधा, दिवसातून दोनदा पानांवर पाणी मारा. झाड सावरलं आणि नवी पालवी हलू लागली की मग पुढचं.

मुळाक्षर | २० मे, सकाळी ११:४०

आणि ते 'मग' म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा येईलच. वडा-उंबराच्या जातीला तेच दिवस मानवतात. हवेत दमटपणा, ऊन कमी, झाड वाढीला लागलेलं. तुटलेली मुळं पटकन फुटतात. मी दोन चांगल्या सरी झाल्यावरच हात लावते.

नांदरुक | २० मे, दुपारी ४:१०

माझं मत थोडं वेगळं. पाऊस लागल्यावर माती कोरडी मिळत नाही आणि एकट्याने करायचं तर कोरड्या मातीएवढी मदत कशाचीच नाही. मी मेच्या मध्यावर उरकतो, पडवीत सावलीला ठेवतो. शिवाय कोकणात वादळं नेमकी याच दिवसांत येतात. निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तौक्ते २०२१ च्या मेमध्ये किनाऱ्याला लागून वर गेलं. नुकतीच कुंडी बदललेलं, मुळांची पकड नसलेलं झाड अशा वाऱ्यात उताणं पडतं.

मुळाक्षर | २० मे, संध्याकाळी ६:३०

कोरडी माती हवी तर झाड चार दिवस आधी पडवीत घ्यावं, बाहेर पाऊस असला तरी चालतं. मेच्या उन्हात मुळं उघडी करणं मला पटत नाही. वारा इथला खारा आहे, पानं आधीच करपलेली असतात. वादळाचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. त्याला उपाय बांधणं.

चिरेबंदी | २० मे, रात्री ८:००

दोघांचं मिळून असं करता येईल. झाड ठोकळ्यांवर आलंच आहे, तर खाली फळी आणि पाइप घालून पडवीत सरकवून घ्या. पायरी असेल तर लांब फळीचा उतार करा. सहा फुटी फळी आणि फुटाची चढण असेल तर वजनाच्या सहाव्या हिश्श्याएवढा जोर पुरतो, घर्षणाचा थोडा वर. चढवताना मागून एक चिरा सरकवत राहायचा म्हणजे हात सोडला तरी मागे येत नाही. पण चढवायचं तर कडेची माती आधी काढून हलकं करा.

पारंबी | २१ मे, सकाळी ९:४५

हायड्रॉलिक लिफ्ट टेबल कोणी वापरलंय का? पायाने दाबलं की वर येतं ते. पुण्यात एका नर्सरीत पाहिलं, ट्रे सरळ टेबलावर सरकवून घेतात.

नांदरुक | २१ मे, दुपारी १:००

फरशीवर उत्तम. जांभ्याच्या अंगणात त्याची लहान चाकं अडकतात आणि भरल्या टेबलाचा तोल जातो. गच्चीवर बाग असणाऱ्यांनी जरूर घ्यावं.

अंगणासाठी माझी पसंती तिकाटण्याला. दीड इंची जीआय पाइपचे आठ फुटी तीन पाय, वर एकत्र बोल्टने जोडलेले, त्याला अर्ध्या टनाचा चेन ब्लॉक, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र. चेन ब्लॉकच घ्या, साधी कप्पी आणि दोर नको. कप्पीचा दोर हातातून सुटला की झाड खाली. चेन ब्लॉकची साखळी सोडली तरी भार जिथल्या तिथे राहतो. एकट्या माणसाला हे फार मोलाचं आहे, झाड अधांतरी ठेवून कात्री आणायला जाता येतं. तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधायला विसरू नका, नाहीतर कोब्यावर पाय पसरत जातात. आणि पावसाळ्याआधी साखळीला ग्रीस, आपल्या हवेत एका मोसमात गंजते.

पडवीच्या वाशाला किंवा जुन्या तुळईला ब्लॉक टांगू नका. बाहेरून लाकूड टणक दिसतं आणि आत वाळवीने पोखरलेलं असतं.

सड्यावरून | २१ मे, रात्री ८:१५

पट्टा झाडाला कुठे बांधायचा? माझ्या झाडाला धरायला जागा म्हणजे बुंधा आणि पारंब्या.

नांदरुक | २१ मे, रात्री ९:३०

पारंब्यांना अजिबात नको, त्या निघून येतील. नायलॉनचे दोन रुंद पट्टे घ्या, मालवाहू गाडीवाले वापरतात ते. आधी कडेची माती काढून बुंध्याच्या खालच्या पसरट मुळांपर्यंत जागा करा. दोन्ही पट्टे त्या मुळांच्या खालून आडवे-उभे घालायचे, म्हणजे झाड पाळण्यात बसल्यासारखं उचललं जातं आणि बुंध्यावर ताण येत नाही. पट्टा जिथे सालीला लागतो तिथे गोधडीची घडी किंवा सायकलची जुनी ट्यूब. ही काळजी या दिवसांत जास्तच घ्यावी लागते, कारण झाड वाढीला लागलं की साल आणि लाकूड यांच्यामधला थर रसरशीत असतो आणि जोराचा घासा बसला की साल सरकन सुटून येते.

उचलताना एक बाजू झुकली तर लगेच खाली घ्या आणि पट्टा जड बाजूकडे सरकवा. हाताने सावरायला जाऊ नका.

चिरेबंदी | २२ मे, सकाळी ६:५०

तिकाटणं असेल तर छानच. पण एका झाडासाठी ताईंनी एवढा खर्च करावा असं मला वाटत नाही. न उचलता झाड ट्रेबाहेर काढता येतं. मी करतो ती पद्धत सांगतो.

ट्रेच्या लांब बाजूला लागून चिरे रचायचे, उंची ट्रेच्या काठाएवढी. त्यावर फळी, फळीवर ओलं गोणपाट. जुन्या करवतीने ट्रेच्या आतल्या कडेने चारही बाजूंनी माती कापून घ्यायची. मग फळीच्या समोरच्या, म्हणजे लांबच्या बाजूची चार-पाच इंच रुंदीची पट्टी तळापर्यंत कोरून काढायची. मुळं दिसतील ती कात्रीने कापत जायचं. अशी पोकळी झाली की बुंध्याला हाताने त्या बाजूला हलकेच रेलायचं. फळीकडची बाजू तळापासून सुटते. तिथे उघड्या झालेल्या बुडाखाली गोणपाटाचा दुसरा तुकडा सरकवायचा. मग झाड उलट रेलून समोरून तोच तुकडा ओढून घ्यायचा. आता सगळा गड्डा गोणपाटावर आहे. फळीकडच्या काठाशी एक छोटी फळी तिरकी लावायची आणि गोणपाटाची दोन टोकं धरून बसून ओढायचं. पाय काठाला टेकवून, पाठ सरळ ठेवून. झाड फळीवर येतं. पारंब्या ट्रेमध्ये उतरल्या असतील तर त्यांच्या भोवतीची माती गड्ड्यातच ठेवा, तिथे कडेने कापू नका.

ट्रेचे काठ आत वळलेले असतील तर हे जमत नाही. तेव्हा चारही बाजूंची पट्टी काढावी लागते. आणि ओढताना गड्डा अजून जड वाटला तर थांबा, बुडाकडची माती काठीने आणखी मोकळी करा. जोर वाढवायचा नाही, वजन कमी करायचं.

रिकामा ट्रे ४० किलोचा. तोही उचलू नका, एक कोपरा पुढे मग दुसरा कोपरा पुढे, असा चालवत न्या.

वेलदोडा | २२ मे, सकाळी १०:००

ट्रेच बदला की! फायबरचा तेवढ्याच मापाचा ट्रे एका हाताने उचलता येतो. जन्मभराचा प्रश्न मिटला.

मुळाक्षर | २२ मे, सकाळी ११:२०

वजन कमी होतं खरं, पण साडेतीन फुटी झाडाचा पसारा धरून ठेवायला बुडाला भार लागतो. फायबरचा घेतला तर ट्रे कट्ट्याला तारेने बांधावाच लागेल. उन्हात वर्षानुवर्षं राहिला की कमी प्रतीचा फायबर ठिसूळही होतो. मी असते तर सिमेंटचाच ठेवला असता.

मातीबद्दल कोणी बोललं नाही अजून. पाणी साचतंय म्हणजे खरा रोग माती आहे, वजन नाही. जुनी शेणखताची बारीक माती पुन्हा भरलीत तर दोन वर्षांत तेच. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उथळ ट्रेमध्ये पाणी तसंही बुडाशी धरून राहतं. जांभ्याची खडी आणि विटांचे तुकडे चाळून ३ ते ६ मिलिमीटरचे घ्या, खालची पूड पूर्ण टाकून द्या. चाळलेलं शेणखत पाचव्या हिश्श्याहून जास्त नको. वाळू घालायची तर नदीची, समुद्राची नको, तिच्यात मीठ असतं. पावसाळ्यात ट्रेच्या एका टोकाखाली वीट ठेवून तिरका करा, पाणी लवकर निचरतं. आणि पागोळ्यांखाली कधीही ठेवू नका. पागोळीच्या धारेने एका रात्रीत वरची माती खणली जाते.

आंबोशी | २२ मे, दुपारी ३:३०

ज्यांना हेही झेपणार नाही (माझे गुडघे गेलेत) त्यांच्यासाठी. झाड बाहेर काढूच नका. ट्रेच्या एका तिसऱ्या भागाची माती फोडीसारखी तळापर्यंत काढा, मुळं कापा, नवी माती भरा. पुढच्या मोसमात दुसरी फोड, त्याच्या पुढे तिसरी. झाडाला धक्का कमी बसतो आणि बसल्या जागी होतं. मी माझ्या चिंचेला असंच करते, पण पाऊस लागायच्या आधी, नवी पालवी फुटण्याच्या बेतात असते तेव्हा. तोटा एकच, जुन्या आणि नव्या मातीत पाणी वेगवेगळ्या वेगाने जिरतं, त्यामुळे पाणी घालताना जुन्या बाजूकडे लक्ष ठेवावं लागतं. तळाची मधली मुळंही तशीच राहतात.

सड्यावरून | २८ मे, रात्री ९:००

बुडाची मुळं तोडली. काठी फिरवली तेव्हा फुरसं नाही, पण विंचू निघाला. खाडीकाठ, मनापासून आभार. पहारीचा हिशोब अगदी खरा, मला विश्वास बसत नव्हता. ट्रे ठोकळ्यांवर आहे, जाळी बांधलीय. पानं दोन दिवस मलूल होती, आता ठीक आहेत.

आता झाड परत ठेवल्यावर तारेने कसं बांधायचं ते सांगा. दर वेळी एकाने धरायचं आणि दुसऱ्याने पीळ द्यायचा असं असायचं.

नांदरुक | २९ मे, सकाळी ८:२०

तारा झाड ठेवायच्या आधीच भोकांतून वर काढून ठेवायच्या, टोकं काठावरून बाहेर वाकवून. अॅल्युमिनियमची ४ मिलिमीटरची घ्या, लोखंडी तार आपल्या हवेत सडते. चार टोकं हवीत. मधोमध मातीचा लहान ढीग करा, त्याच्यावर झाड ठेवून दोन्ही हातांनी बुंधा डावी-उजवीकडे फिरवत दाबा. नीट बसलं की झाड न धरता उभं राहतं. मग समोरासमोरची दोन टोकं गड्ड्यावरून आणून पक्कडने ओढून पीळ द्यायचा. एकदम घट्ट नाही, आधी दोन्ही जोड्या सैलसर, मग आळीपाळीने आवळत जायचं. तार मुळावर येते तिथे ट्यूबचा तुकडा. शेवटी बुंधा हलवून बघा. झाडाबरोबर ट्रे हलायला हवा, झाड वेगळं हलता कामा नये.

नंतर माती घालून बांबूच्या काडीने मुळांच्या मधल्या पोकळ्या भरा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पोकळी राहिली तर तिथलं मूळ सुकतं.

मुळाक्षर | २९ मे, सकाळी ९:१०

आणि मुळं किती कापायची ते. वडाला बाहेरची एक तृतीयांश सहज चालतात, बुड सपाट करा. पानं सगळी काढू नका, फक्त शेंडे खुडा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

सड्यावरून | १४ जून, संध्याकाळी ७:२०

झाली कुंडी बदलून. फळी आणि गोणपाटाची पद्धत वापरली. पोकळी केल्यावर झाड रेललं तेव्हा छातीत धस्स झालं, पण बुड अलगद सुटलं. ओढायला जड गेलं तेव्हा थांबून तळाकडची माती आणखी काढली, मग आलं. बुडाशी मुळांचा चटईसारखा जाड थर होता आणि मधली माती काळी, वास मारणारी. ती सगळी काढली. पडवीत पागोळ्यांपासून आत ठेवलंय, तारेने बांधलंय, शिवाय ट्रे खांबाला दोरीने. नांदरुक, ती दोरी तुमच्यामुळे.

कंबर ठीक.

पारंबी | १४ जून, रात्री ८:००

वा! फोटो राहिलाच की हो ताई.

वेलदोडा | १५ जून, सकाळी ७:३०

अभिनंदन. माझ्याकडे एक मोठं अडेनियम (कोरड्या मुलखातलं फुगीर बुंध्याचं झाड) आहे, बुंधा मांडीएवढा. तेही याच पद्धतीने आता करून टाकू का? पाऊस छान लागलाय.

मुळाक्षर | १५ जून, सकाळी ८:०५

नको!! अडेनियमला आत्ता हात लावू नका. कापलेल्या मुळाला या ओलीत बुरशी लागून बुंधा आतून सडतो, आणि बाहेरून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. सध्या पावसातून उचलून... म्हणजे सरकवून, कोरड्या जागी घ्या आणि पाणी जवळपास बंद करा. कुंडी फेब्रुवारी-मार्चमध्ये बदला. तेव्हा मुळं कापल्यावर आठवडाभर सावलीत उघडी सुकू द्या आणि मग कोरड्या खडीत लावा, पहिले काही दिवस पाणी नाही. माती कोरडी आणि सुटी असते म्हणून ते झाड काढायला वडापेक्षा कितीतरी सोपं जातं.